एचएप्रॉक्सी, आठ महिन्यांनंतर: हेल्थ चेक नीट लावा

एका सर्व्हरवरून तीनवर आलो आणि रिक्वेस्ट त्यांच्यात वाटून द्यायला पुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर लावला, त्याला आठ महिने झाले. पहिले चार महिने मी ज्याला त्याला सांगायचो, लावा आणि विसरा. आता तसं सांगणार नाही.

दोन नंबरच्या सर्व्हरची डिस्क लॉग साठून भरली. पोर्ट उघडं, पण येईल त्या रिक्वेस्टला ५०० एरर, म्हणजे सर्व्हरच्या आतला बिघाड. एचएप्रॉक्सीच्या स्टॅट्स पानावर मात्र तिन्ही हिरवे, म्हणजे ठणठणीत! सर्व्हर धड आहे का हे बॅलन्सर सारखं तपासतो, तेच हेल्थ चेक. पण कॉन्फिगमध्ये नुसतं 'चेक' लिहिलं, तर टीसीपी कनेक्शन जुळतंय का, म्हणजे पोर्ट उघडं आहे का, एवढंच बघितलं जातं.

त्यात रिक्वेस्ट वाटायची पद्धत आम्ही लावलेली लीस्टकॉन. चालू कनेक्शन ज्याच्याकडे कमी, पुढची रिक्वेस्ट त्याला. धड सर्व्हर पान बनवायला २००-३०० मिलिसेकंद घ्यायचे, बिघडलेला ५ मिलिसेकंदांत एरर देऊन मोकळा. म्हणजे सगळ्यात रिकामा तोच, आणि रांगही त्याच्याकडेच. तिनांतला एकच बिघडला, तरी निम्म्याहून जास्त रिक्वेस्ट वाया. दीड तास हे चाललं. लोकांनी भरलेले लांबलचक फॉर्म सबमिट करताना गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग सर्व्हरकडून खरंच एक पान मागून बघणारं 'ऑप्शन एचटीटीपीचेक' लावून त्या तपासणीच्या पानात डेटाबेसची क्वेरी घातली. जितकं कडक तितकं बरं, असं तेव्हा ठाम मत होतं. तीन आठवड्यांत ते बदललं. डेटाबेस थोडा वेळ अडकला. तपासणी दर २ सेकंदांनी, सलग ३ वेळा नापास झाला की सर्व्हर बाहेर. तिन्ही एकदमच बाहेर गेले आणि सरसकट ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'. कॅशमधून आरामात गेली असती ती पानंसुद्धा बंद! आता ते पान फक्त त्या सर्व्हरचं स्वतःचं बघतं: डिस्कवर छोटी फाइल लिहून परत वाचतं. डेटाबेसला वेगळा अलर्ट.

ड्रेन मात्र फार आवडलं. सर्व्हर ड्रेनला टाकायचा म्हणजे त्याला नवीन कामं मिळत नाहीत, हातातली कामं संपू द्यायची, नवीन कोड चढवायचा. रात्रीची जागरणं संपली. वापरणाऱ्यांची सेशन तिन्ही सर्व्हरना सामाईक अशा रेडिस या डेटा साठ्यात नेल्यावर, एका माणसाला एकाच सर्व्हरला बांधून ठेवणारी स्टिकी कुकीही काढून टाकली.

बॅलन्सर स्वतः एकटाच होता. दुसऱ्या मशीनचं भाडं वाचवायला मी सहा महिने टाळाटाळ केली. ती बचत चुकीची होती. आता एक पडला तर दुसऱ्याने जागा घ्यावी म्हणून कीपअलाइव्हडी लावून जोडी केली आहे.

स्टॅट्स पानावर हल्ली रंग बघत नाही. एकूण सेशनच्या आकड्यावर माउस नेला की ५०० च्या घरातल्या एररची संख्या दिसते, ती बघतो. त्या दिवशीही ती तिथे वाढत होती. मी माउस तिकडे नेलाच नव्हता.