टायरवरचे आकडे वाचता येत होते, तरी ४२,२०० रुपयांना फसलो

धुळ्यात हायवेलगतच्या एका टायरवाल्याने मला ४२,२०० रुपयांना बुडवलं. नको तो माल गळ्यात मारायची पद्धत सगळीकडे हीच असते, म्हणून लिहितोय.

गाडीला मूळ टायर १६५/८० आर १४. मला १५ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) हवे होते. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. आर म्हणजे रेडियल, शेवटी रिमचा व्यास इंचात. १६५ चे ८० टक्के १३२, वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवले की चाक ६१९.६ मिमी. १५ इंची रिमवर १८५/६५ घेतला तर ६२१.५. हाच साइज फोनवर सांगितला होता, दुकानात परत सांगितला.

बसवले २०५/६५ आर १५! जुन्या इनोव्हाचा साइज. व्यास ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८४ ने पळते. कन्नड घाटात पाच माणसं बसवून पूर्ण स्टिअरिंग वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो.

मग घेतलेच का? लक्षात आलं तेव्हा दोन चाकं चढली होती आणि माझे जुने रिम-टायर आत नेऊन ठेवले होते. "भाऊ, १८५ संपले. रुंद टायरला ग्रिप जास्त, एक नंबर माल शे." मे महिन्यातली दुपार, दुसऱ्या दिवशी पहाटे संभाजीनगरला निघायचं. कोणीही हेच केलं असतं.

पण एक गोष्ट मला स्वतःला माफ करता येत नाही. पोऱ्या टायरच्या बाजूला काळं पॉलिश लावत होता. नव्या टायरला पॉलिश कशाला? तिथेच थांबायला हवं होतं. रबराचे बारीक केस शाबूत होते, म्हणून नवाच समजलो. न वापरता गोडाऊनमध्ये पडलेल्या टायरचेही केस तसेच राहतात, हे लक्षात ठेवा. टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात. चारही चाकांची ती बाजू आत ठेवली होती. चाळीसगावात पंक्चर काढताना दिसलं: ३११७. म्हणजे २०१७ चा ३१ वा आठवडा. खरेदी २०२४ ची. सात वर्षांचं रबर आपल्या उन्हात! खोबणीच्या तळाशी भेगा दिसायला लागल्यात.

हिशेब असा: टायर चार, प्रत्येकी ५,४०० प्रमाणे २१,६००. अलॉय २७,०००. बॅलन्सिंग-अलाइनमेंट १,२००. व्हॉल्व्ह ४००. जुन्या रिम-टायरचे वजा ८,०००. पावती कच्ची, त्यावर फक्त "टायर ४ नग". बिलावर साइज आणि तारखेचे आकडे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानदार म्हणाला, चाललेला माल परत नाही. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या एका कार्यालयात बाईंनी विचारलं, टायर फुटला का? नाही म्हटल्यावर, "मग नुकसान काय?" फुटायची वाट बघायची का? घाटात, पोरंबाळं मागच्या सीटवर असताना? टायर कंपनीच्या माणसाने फोटो मागवले आणि पक्कं बिल नाही म्हणून विषय संपवला. ज्याने कच्ची पावती दिली तो मोकळा, आणि ज्याला मिळाली त्यालाच सगळे झापतात.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयचा पुरावा जपून ठेवा, रोख देऊ नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या.

अलॉय घेताना बोल्टची संख्या आणि पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) जुळवा. रिमचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोठं असेल तर मधली फट भरणारी रिंग मागा, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. टायरवर साइजनंतर येणारा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) पण बघा: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. मूळपेक्षा कमी कधीच नको.

आता १८५/६५ चे चार घेतले, २०,४००. रिमवर चढवण्याआधी चारही टायर जमिनीवर आडवे ठेवायला लावले आणि आकडे बोटाने वाचले. त्यातला एक टायर दोन वर्षं जुना निघाला. तो बदलून आणेपर्यंत जॅक लावू दिला नाही.