मिनिमम बॅलन्सचा दंड बंद केला: घरातल्या चार खात्यांचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून घरातल्या चारही बचत खात्यांची स्टेटमेंट मी दर महिन्याला ओळ न ओळ वाचते आहे आणि त्यातलं एक खातं बीएसबीडी, म्हणजे मुळातच मिनिमम बॅलन्सची अट नसलेल्या प्रकारात बदलून घेतलं आहे. निकाल आधीच सांगते. बॅलन्स राखायची धडपड करण्यापेक्षा खात्याचा प्रकार बदलणं कितीतरी सोयीचं पडलं. आता दंड शून्य आहे आणि इतर कापाकापीही जवळपास थांबली आहे.

आधी ओळखायचं कसं ते. पासबुकातली एंट्री इतकी आखूड छापलेली असते की ती कशाची हे कळत नाही. मी रक्कम बघते. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून कापलेल्या रकमेला १.१८ ने भागायचं. उत्तर गोल आकडा आला की समजायचं, हे बँकेचं शुल्क आहे. १७.७० म्हणजे १५ रुपये अधिक कर, हे बहुतेक वेळा तिमाहीचे एसएमएसचे पैसे. २३६ म्हणजे २००, ३५४ म्हणजे ३००, ५९० म्हणजे ५००. काही बँका शुल्क आणि कर वेगवेगळ्या ओळींत दाखवतात, तेव्हा आधी सरळ आकडा आणि त्याखाली त्याचा १८ टक्के कर दिसतो. या एका युक्तीने आमच्याकडच्या जवळपास सगळ्या अनोळखी एंट्र्यांचा उलगडा झाला.

४३६ आणि २० रुपये मात्र या हिशेबात बसत नाहीत. त्या पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या सरकारी योजनांच्या वार्षिक हप्त्यांच्या रकमा आहेत आणि साधारण मे अखेरीस जातात. विमा हवा असेल तर त्यांना हात लावू नका. पण दोन बँकांतून एकाच माणसाचा हप्ता जात असेल तर एक लगेच बंद करा, कारण विम्याची रक्कम एकदाच मिळते.

आमच्याकडे खरा त्रास होता तो नवऱ्याच्या जुन्या सॅलरी खात्याचा. नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला आणि काही महिन्यांनी हे खातं साधं बचत खातं झालं. अट १०,००० रुपयांच्या मासिक सरासरीची. इथे लोकांचा मोठा गोंधळ होतो, कारण बँक रोज दिवसअखेरची शिल्लक धरते, तिची बेरीज करते आणि महिन्याच्या दिवसांनी भागते. समजा सहा दिवस ४५,००० होते आणि उरलेले २४ दिवस १,२००. सरासरी येते ९,९६०, म्हणजे अट मोडली. उलट सहा दिवस ५०,००० ठेवून बाकीचे २४ दिवस खातं रिकामं असलं, तरी सरासरी बरोबर १०,००० भरते. आणि हे पैसे बहुधा पुढच्या महिन्यात कापले जातात, त्यामुळे माणूस भलत्याच महिन्याचं स्टेटमेंट तपासत बसतो.

रिझर्व्ह बँकेचा नियम इथे ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि तो प्रत्येकाला माहीत असायला हवा. १ एप्रिल २०१५ पासून बँकेने आधी कळवायचं, शिल्लक भरून काढायला महिनाभराची मुदत द्यायची आणि जितकी तूट तितक्या प्रमाणातच दंड लावायचा. निव्वळ या दंडामुळे खातं उणे शिल्लकेत जाता कामा नये. शाखेत तोंडी विचारलं तेव्हा ‘मॅडम, सिस्टिमने कापलंय’ एवढंच उत्तर मिळालं. मग मी ईमेल केली आणि एकच प्रश्न विचारला: दंडाआधीची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवली? पैसे कराच्या रकमेसकट परत आले. तक्रार लेखी असली की बँकेला लेखी उत्तर द्यावं लागतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आता बीएसबीडी खात्याबद्दल. हे सासऱ्यांचं, ईपीएस ९५ च्या, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणाऱ्या पेन्शनचं. तुटपुंज्या पेन्शनीतून दर तिमाहीला काहीतरी कापलं जाणं मला सहन होत नव्हतं. काउंटरवर आधी ‘तसलं खातं आता नसतं’ असं ऐकवलं आणि त्याऐवजी मोठ्या शिल्लकेच्या योजनेचा कागद पुढे केला. पण हे खातं प्रत्येक बँकेने द्यायचंच असतं. लेखी अर्ज देऊन सध्याचंच खातं बदलून मागा, म्हणजे नंबर तोच राहतो आणि पेन्शनला धक्का लागत नाही. अर्जाच्या झेरॉक्सवर पोचचा शिक्का घ्यायला विसरू नका.

गेले कित्येक महिने तिथे एक रुपयाही गेलेला नाही. एटीएम कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा. अडचण एकच, महिन्याला चारदा पैसे काढणं हमखास फुकट, आणि त्यात एटीएमही धरतात. सासरे महिन्यातून दोनदा काढतात, त्यांना पुरतं. रोजचा भाजीपाला आणि रिक्षा यूपीआयवर चालवणाऱ्याने मात्र आपली बँक ते व्यवहार कसे मोजते हे आधी विचारून घ्यावं. त्याच बँकेत दुसरं बचत खातंही ठेवता येत नाही.

माझ्या स्वतःच्या खात्याला काही करावंच लागलं नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच ही अट काढली होती. कॅनरा बँकेने जून २०२५ मध्ये, तर पंजाब नॅशनल आणि बँक ऑफ बडोदाने जुलै २०२५ मध्ये दंड बंद केला. बडोदाच्या प्रीमियम योजनांना मात्र ही सूट नाही, म्हणून आपलं खातं कोणत्या योजनेत आहे हे पासबुकाच्या पहिल्या पानावर बघा.

एटीएमचं थोडक्यात: महिन्याला आपल्या बँकेच्या एटीएमचे पाच व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेचे मुंबईसारख्या महानगरात तीन, इतरत्र पाच. पुणे-नाशिक या महानगरांच्या यादीत नाही. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर.

मुलीचं शिष्यवृत्तीचं खातं तेवढं पडून होतं. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि ते परत चालू करायलाही पैसे लागत नाहीत. केवायसीची कागदपत्रं दिली, चालू झालं. नवऱ्याचं खातं मात्र सरळ बंद केलं. त्याआधी त्यावरचा एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता, आणि विजेच्या बिलाचा ऑटो डेबिट दुसरीकडे हलवला. नाहीतर हप्ता परत गेल्याचा दंड पडतो आणि तो मिनिमम बॅलन्सच्या दंडापेक्षा जड असू शकतो.