सदाशिव पेठेतली अभ्यासिका की सांगलीतली अडत?

तासगावचा भाचा विचारतोय, मार्केट यार्डातली हळदीच्या अडतीवरची नोकरी सोडून राज्यसेवेसाठी पुणे गाठू का? क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवरचे हसरे चेहरे बाजूलाच ठेवू. राहिलेल्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

पैशाचं सरळ आहे. पुण्यात खोली, मेस, क्लास, अभ्यासिका, नुसतं जाणं. अडतीवर पगार बेताचा, पण जेवण घरचं.

वेळेचा हिशेब जास्त कडू. यूपीएससी खुल्या गटाला 32 वर्षं आणि 6 प्रयत्नांवर थांबवते. राज्यसेवेला मर्यादा 38 ची. ती सवलत वाटते, मला तर सापळा वाटतो. ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणता म्हणता तिशी सरते, लग्न लांबतं, आईचं दुखणं फोनवर कळतं. शिवाय 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे लिहिण्याचा सराव वेगळाच. पद मिळालं तर मान, अधिकार, स्थैर्य सगळं खरं. बदल्याही खऱ्याच.

नाही मिळालं तर? इकडे भाचा हळकुंड मोडून आतल्या रंगावरून भावाचा अंदाज सांगतो. हे कसब वय वाढलं तरी बाद होत नाही. अर्थात सौद्यांच्या हंगामात त्यालाही घरी यायला रात्रच होते, आणि मालक दुसराच राहतो.

घरची दोन-तीन वर्षं पोसायची ऐपत असेल, परतायची तारीख आधीच ठरली असेल, त्यानं पुण्याला जावं. डोक्यावर कर्ज, मागे शिकणारी बहीण असेल, त्यानं अडत धरावी. भाच्याला मी अडतच सांगितली. ताईला पटलेलं नाही.