अनुलोम-विलोम, भ्रामरी की नुसता संथ श्वास? कुणी काय करावं

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी एका बाकावर कपालभाती चाललेली असते, शेजारी भ्रामरी, आणि नवीन माणसाला कळतच नाही की टेन्शन लई आहे, झोप नाही, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेला आलाय, तर यातलं नेमकं काय धरायचं.

कपालभाती पहिली बाजूला ठेवा. वाईट नाही, पण ती जोराची आणि फास्ट आहे, तरतरी आणते, शांत व्हायला ती नव्हे. बीपी, हर्निया किंवा प्रेग्नन्सी असेल तर नकोच.

माझं मत विचाराल तर सुरुवात नुसत्या संथ श्वासानं करा. बसल्या जागी आपले मिनिटाला १२ ते २० श्वास होतात, ते ६ वर आणायचे, ४ सेकंद आत आणि ६ सेकंद बाहेर, नाकानं, ओढाताण न करता. श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस, हृदयाला ब्रेक लावते, घेताना तो सैल पडतो, आणि ६ च्या आसपास आलं की ठोक्यांचा हा चढ-उतार मोठा होतो, बीपी सांभाळणाऱ्या यंत्रणेशी ताल जुळतो. इटलीत लुचियानो बर्नार्डींच्या टीमनं २००१ मध्ये तपासलं तर ख्रिश्चन जपमाळ आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला ६ वरच आला, म्हणजे आज्जी रोज जप करते त्यातही हे आपोआप होत असणार असं मला मनापासून वाटतं.

अनुलोम-विलोम, म्हणजे बोटानं आलटून पालटून एकेक नाकपुडी बंद करून श्वास, सावकाश केलं तर फायदा तोच, वर हाताला काम मिळतं म्हणून भटकणारं मन जागेवर राहतं. पण पावसाळ्यात नाक चोंदलेलं असलं की जमत नाही, आणि श्वास रोखून धरायचा प्रकार बीपीवाल्यांनी करू नये.

शिरोली एमआयडीसीतनं सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येणाऱ्याला मात्र मी भ्रामरीच सांगेन, कारण डोकं थकलेलं असताना सेकंद कोण मोजणार, गुंजारव करताना श्वास आपोआप लांब सुटतो. गुणगुणताना नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू साधारण १५ पट वाढतो हे स्वीडनमध्ये २००२ ला मोजलंय. तो नाकापुरता, त्यानं अंगभर सूज उतरते असं समजू नका.

ऐनवेळी घाबरायला झालं तर नाकानं दोनदा लागोपाठ श्वास आत आणि तोंडानं लांब सोडायचा. २०२३ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात रोज ५ मिनिटं महिनाभर हे करणाऱ्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला.

आता सूज. अमेरिकेतले संशोधक केविन ट्रेसींनी २००० मध्ये उंदरांवर दाखवलं की व्हेगस नर्व्हला करंट दिला तर टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन कमी होतं. यंत्रणा खरी आहे, पण करंट वेगळा आणि श्वास वेगळा, माणसांवरचे श्वासाचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. म्हणून झोप आणि धडधड यासाठी बिनधास्त करा, पण संधिवाताच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका कृपया, सीआरपी का वाढलाय ते डॉक्टरांकडनं शोधून घ्या. आणि करताना चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा ओढताय, थांबा, साध्या श्वासावर या, मग पुढच्या वेळी छाती कमी भरा.