काजूच्या काट्याशेजारचा पडदा: टीकिंटर कितपत पुरतं?

मार्च उजाडला की गोव्यातल्या वाळपई, साखळी, डिचोलीकडच्या दुकानांत काजूबियांची पोती काट्यावर चढू लागतात. बागायतदाराला समोरच्या पडद्यावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: आजचा दर, आत्ताचं वजन आणि होणारी रक्कम. तिन्ही आकडे सतत बदलणारे, आणि त्यांत चूक झाली तर शेतकऱ्याचं थेट नुकसान. हे काम पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत येणाऱ्या टीकिंटरवर (खिडक्या-बटणं बनवायच्या साधनावर) करावं का, याचं उत्तर आधीच सांगतो: विंडोज असेल तर निःशंक करा, लिनक्सवर मराठी अक्षरं दाखवायची असतील तर करू नका.

टीकिंटर फुकट आहे. विंडोजवर ते पायथॉनच्या इन्स्टॉलरमधूनच येतं, उबुंटू-डेबियनवर मात्र वेगळं पॅकेज टाकावं लागतं. लेबल म्हणजे खिडकीत मजकूर दाखवणारी चौकट. तिचा मजकूर बदलायचे मार्ग दोन. एक, लेबलच्या 'कॉन्फिग'ला नवा मजकूर द्यायचा. दुसरा, 'स्ट्रिंगव्हार' (मजकूर साठवणारा टीकिंटरचा चल) लेबलला जोडायचा आणि पुढे फक्त त्यातला मजकूर 'सेट' करायचा. एकच आकडा दोन ठिकाणी दिसायचा असेल तर दुसरा मार्ग सोयीचा, एरवी पहिला पुरेसा. स्ट्रिंगव्हार फंक्शनच्या आत तयार करून तिथेच सोडून दिला, तर फंक्शन संपताच पायथॉन तो पुसून टाकतो आणि लेबल कोरं पडू शकतं. तो क्लासमध्ये 'सेल्फ'ला बांधून ठेवावा. नवशिक्यांची आणखी एक ठरलेली चूक म्हणजे लेबल तयार करून त्याच ओळीत 'पॅक' करणं आणि ते सगळं एका नावात साठवणं. पॅक काहीच परत देत नाही, त्यामुळे त्या नावात 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') बसतो आणि पुढच्या 'कॉन्फिग'ला प्रोग्रॅम मोडतो.

खरी परीक्षा असते ती आकडा आपोआप बदलण्याची. बहुतेक जण पुन्हा पुन्हा चालणाऱ्या 'व्हाइल'च्या फेऱ्यात प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं 'स्लीप' टाकतात आणि खिडकी गोठते. कारण साधं आहे: पडदा रंगवणं, क्लिक ऐकणं हे सगळं 'मेनलूप' करतो, आणि आपला फेरा चालू असेपर्यंत त्याला वेळच मिळत नाही. यावर 'आफ्टर' हा उपाय. त्याला मिलिसेकंद आणि फंक्शनचं नाव द्यायचं, पुढे कंस लावायचा नाही. कंस लावला की फंक्शन थांबण्याऐवजी त्याच क्षणी चालतं, स्वतःलाच बोलावत राहतं आणि रिकर्शनची मर्यादा ओलांडून कोसळतं. 'आफ्टर'ने दिलेला क्रमांक जपून ठेवा. 'सुरू' बटण दोनदा दाबलं गेलं तर दोन टायमर एकावर एक चालतात, त्यामुळे नवा लावण्याआधी जुना 'आफ्टर कॅन्सल'ने थांबवायलाच हवा.

वजनकाटा सिरियल पोर्टवरून आकडे पाठवतो आणि वाचणारी ओळ पुढचा आकडा येईपर्यंत अडून राहते. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या धाग्यात) ठेवावं, पण त्या थ्रेडमधून लेबलला हात लावू नये. तो प्रकार कधी चालतो, कधी अडकतो, आणि अडकतो तो नेमका गर्दीच्या वेळी. थ्रेडने आकडा 'क्यू'मध्ये (रांगेत) टाकावा आणि मुख्य खिडकीने दर १०० मिलिसेकंदांनी 'गेट नोवेट'ने क्यू रिकामी करून फक्त शेवटचा आकडा दाखवावा. मध्येच 'अपडेट' बोलावून वेळ मारून नेणारे बरेच कोड फिरतात. त्याने एका क्लिकचं काम संपण्याआधी दुसरं क्लिक आत शिरतं. नुसता पडदा ताजा करायचा तर 'अपडेट आयडलटास्क्स' वापरा.

दिसण्याचीही काळजी घ्यावी लागते. ९.८ चे १०.२ किलो झाले की लेबल रुंद होतं आणि शेजारचा मजकूर सरकतो. लेबलला 'विड्थ' ठरवून द्या (ती अक्षरांत मोजतात, पिक्सेलमध्ये नव्हे) आणि 'अँकर' उजवीकडे ठेवा. पायथॉनचा नेहमीचा स्वल्पविराम सव्वा लाख रुपये १२५,००० असे दाखवतो. आपल्याला १,२५,००० हवे, त्यासाठी छोटं फंक्शन लिहा किंवा 'बेबल' लायब्ररी घ्या. देवनागरी अंक दाखवायला 'ट्रान्सलेट' पुरतं. उलट दिशेने तर काहीच करावं लागत नाही, दुकानदाराने दराच्या चौकटीत '१४०' टाइप केलं तरी पायथॉनचा 'इंट' ते बरोबर वाचतो. ही सोय फार मोलाची आहे.

आता मोठी उणीव. टीकिंटर ज्या 'टीके' या मूळ सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्याची ८.६ आवृत्ती लिनक्सवर देवनागरीची जोडणी करत नाही. 'किलो'मधली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही. विंडोज आणि मॅक हे काम स्वतः करतात, विंडोजवर 'निर्मला यूआय' फॉन्टमध्ये अक्षर नेटकं उमटतं. रास्पबेरी पायवर (लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकावर) मराठी फलक लावायचा असेल तर क्यूट हे खिडक्या बनवायचं दुसरं साधन घ्यावं. त्यात हार्फबझ (अक्षरांची जोडणी करणारी लायब्ररी) असल्याने वेलांटी जागेवर बसते, मजकूर 'सेटटेक्स्ट'ने बदलतो, आणि दुसऱ्या थ्रेडमधून सिग्नल पाठवला तर क्यू हाताने सांभाळावी लागत नाही. पॅकेज बरंच जड आहे, शिकायलाही जास्त वेळ लागतो.

विंडोजच्या जुन्या संगणकावर एका काट्याच्या दुकानासाठी टीकिंटरला पाचपैकी चार, लिनक्सवरच्या मराठी फलकासाठी एक.