जेवणानंतरची जळजळ: सकाळची गोळी की पलंगाखालचे ठोकळे?

पातळ अँटासिडने दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते, पण तास-दोन तासांनी जळजळ पुन्हा सुरू होते. त्यामुळे रोजच्या त्रासासाठी खरी निवड आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळी आणि जेवण्या-झोपण्यातला बदल यांच्यात आहे, आणि मी दोन्ही करून पाहिले आहे.

गोळीचा गुण मी नाकारत नाही. डॉक्टरांनी ती न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली होती. गल्लीच्या टोकाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मी ती घेत असे, आणि पाव चहात बुडवेपर्यंत तेवढा वेळ सहज जाई. चार दिवसांत जळजळ ओसरली, रात्री साडेदहाला बांगड्याची उड्डमेथी आणि भात जेवूनही छाती शांत राहू लागली. मात्र आडवे झाल्यावर तासाभरात आंबूस पाणी घशाशी येई, ठसका लागून जाग येई आणि पुढचे दोन तास खुर्चीत बसून काढावे लागत. गोळी जठरातील आम्ल कमी करते, पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी सैल पडलेली झडप ती आवळत नाही. वर येणारे येतच राहते, फक्त जाळत नाही. या ठसक्यानेच माझा कौल फिरवला.

उशा वाढवून उपयोग झाला नाही, कारण त्यांनी मान उचलली जाते आणि पोट मुडपून दाब उलट वाढतो. शेवटी सुताराकडून फणसाच्या लाकडाचे सहा इंची दोन ठोकळे करून घेतले, पलंगाचे पाय घसरू नयेत म्हणून वर खोलगट खाच ठेवली आणि पलंगाची उशाकडची बाजू उचलली. जेवण साडेसातवर आणले, म्हणजे झोपेपर्यंत तीन तास मिळतात. सोलकढी पाचक मानली जाते, पण तिचा आंबटपणा मला रात्री बाधतो, दुपारी नाही. घरची मंडळी नऊला जेवतात, तेव्हा मी नुसताच पानाशेजारी बसतो, हे मात्र जड जाते.

एंडोस्कोपीत, म्हणजे घशातून नळी घालून केलेल्या तपासणीत, अन्ननलिकेला जखम दिसली असेल, तर गोळीला पर्याय शोधू नये. बरेच महिने घेतलेली गोळी मनाने एकदम सोडली तर आम्ल काही काळ अधिकच उसळते. घास अडकणे, वजन घटणे किंवा काळे शौचास होणे यांसाठी डॉक्टरांना गाठावे, आणि छातीतली कळ हाताकडे जाऊन घाम फुटला तर ते पित्त समजून घरी थांबू नये. एवढे नसेल, तर मी आधी ठोकळे सुचवीन. जत्रेच्या नाटकांमुळे जेवण लांबते त्या रात्रींसाठी अँटासिडची बाटली आणली होती. ती अजून निम्मी शिल्लक आहे.