मुंबई बंदरात शिरताना व्हीएचएफ की मोबाईल?

हल्ली किनारा जवळ आला की मोबाईलला रेंज येते आणि मग काहींना वाटतं की एजंटला (बंदरातली जहाजाची कामं बघणारा) फोन केला की झालं, पण माझं मत ठाम आहे, जहाज हलत असताना व्हीएचएफच, म्हणजे जहाजावरचा रेडिओ. कारण साधं आहे, फोनवर दोघंच ऐकतात आणि रेडिओवर आजूबाजूची सगळी जहाजं. मुंबई आणि जेएनपीएची (न्हावाशेवाचं बंदर) जहाजं आत येताना एकच मुख्य जलमार्ग वापरतात, तिथे कोण बाहेर निघतंय, कोण नांगर उचलतंय हे रेडिओवर न विचारता कळतं. 7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 ही जहाजं याच भागात एकमेकांवर आदळली होती, इथे जागा किती कमी आहे ते त्यावरून समजा.

पायलट स्टेशन (जहाज बंदरात नेणाऱ्या पायलटचं ठाणं) सांगतं, "लॅडर पोर्ट साइडला, पाण्यापासून दीड मीटर", म्हणजे पायलटने चढायची शिडी डाव्या बाजूला, की ते जसंच्या तसं परत म्हणायचं, नुसतं ओके नाही. रेडिओच्या चॅनल 16 वर, म्हणजे हाक मारायच्या आणि संकटाच्या चॅनलवर, मात्र गप्पा नकोत, हाक मारा आणि लगेच वर्किंग चॅनलवर, म्हणजे बोलायच्या वेगळ्या चॅनलवर जा, जवळ आल्यावर पॉवर 25 वॅटवरून 1 वॅटवर आणा.

मोबाईल कागदपत्रं, रेशन, क्रू चेंज यासाठी उत्तम, तिथे व्हीएचएफ अडवून ठेवू नका प्लीज.